ढगांच्या वरचं आकाश

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या सुनेत्रा पोतनीसनं वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत एकही तारा पाहिला नव्हता. चंद्र पाहिला होता, विमानाचे दिवे पाहिले होते, दिवाळीतले रॉकेट पाहिले होते. पण तारा नाही. जन्मापासूनच तिला रातांधळेपणा होता. दिवसा नजर अशी, की सुईत दोरा एका फटक्यात ओवेल; आणि दिवस मावळला की कुणी डोळ्यांवर घोंगडी टाकल्यासारखं व्हायचं. लहानपणी नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "हे वाढणार नाही आणि जाणारही नाही. सवय करून घ्या."

घरच्यांनी सवय करून घेतली. सगळ्यांत जास्त केली ती तिच्या मोठ्या भावानं, नरेशनं. शेजारच्या ब्राह्मणपाऱ्यात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. अर्ध्या पाऱ्याच्या नाकावर त्याच्या हातचे चष्मे, आणि सख्ख्या बहिणीसाठी मात्र दुकानात एकही काच नाही, हे त्याला कायम टोचायचं. त्या टोचणीपायी तो तिला जरा जास्तच जपायचा. सुनेत्रा शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपुरातल्या एका सरकारी कार्यालयात नकाशे बनवायची. थंडीच्या दिवसांत तिची बस शहरात पोचेपर्यंत अंधार पडलेला असे. नरेश थांब्यावर स्कूटर घेऊन उभा राही. ती उतरली की तो नुसता खाकरायचा. ती आवाजाच्या रोखानं दोन पावलं टाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. लग्नाचा विषय दोन-तीनदा निघाला, डोळ्यांचं ऐकून मागं पडला, आणि तिनंही तो कधी धरून ठेवला नाही.

मग एका डिसेंबरात कार्यालयाची जीप नवा रायपूरच्या पार टोकाला, जिथं रस्ते आखले आहेत पण घरं अजून उठली नाहीत अशा जागी पंक्चर झाली. स्टेपनीही बसलेली. दुसरी गाडी येईपर्यंत थांबणं आलं. बघता बघता काळोख झाला. सुनेत्रा जीपमध्ये हात मांडीवर ठेवून बसून राहिली. अशा वेळी ती बसूनच राहायची. सोबतचा सर्वेक्षक प्रफुल्ल कंटाळला होता. पाहणीसाठी नेलेला कार्यालयाचा कॅमेरा त्यानं बॉनेटवर ठेवला, काहीतरी खटपट केली आणि थोड्या वेळानं तो खिडकीतून आत देत म्हणाला, "दीदी, ये देखो."

मागचा पडदा उजळलेला होता. तो तिला स्वच्छ दिसत होता. काळ्यावर सगळीकडे पांढरे कण सांडलेले.

"लेन्स पुसली नाही का रे? केवढी धूळ आली आहे."

"धूल नहीं है, दीदी. तारे हैं."

सुनेत्रानं पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर वर पाहिलं. वर नेहमीचीच घोंगडी होती.

"हे सगळे?" तिनं विचारलं. "हे सगळे आता वर आहेत?"

"हव, दीदी. सब."

दुसरी गाडी यायला तास लागला. तेवढ्यात तिनं प्रफुल्लला अकरा वेळा फोटो काढायला लावले, आणि दर वेळी कॅमेऱ्याचं तोंड जरा वेगळ्या बाजूला करायला सांगितलं. घरी येऊन ती जेवली नाही. नरेशनं विचारलं, "पोटात दुखून राहिलं का तुझ्या?" ती म्हणाली, "नाही दादा. आज मले तारे दिसले." त्याला वाटलं, डोकं आपटलं असेल कुठंतरी.

त्यानंतर सुनेत्रानं स्वतःचा कॅमेरा घेतला आणि घराच्या गच्चीवर शाळा सुरू झाली. शिकवणारी तीच, शिकणारीही तीच. कॅमेऱ्याची बटणं अंधारात दिसत नाहीत म्हणून तिनं त्यांच्यावर टिकल्या चिकटवल्या: एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर जरा मोठी. बोट फिरवलं की कळे. दिवसाउजेडी ट्रायपॉड लावायचा, चौकट ठरवायची, दूरच्या पाण्याच्या टाकीवर फोकस करून भिंगाच्या कड्याला चिकटपट्टी लावायची, आणि मग अंधार पडायची वाट बघायची. शहराच्या आणि कारखान्यांच्या उजेडानं फोटोत आकाश तांबूस येई, त्यात तिला कसेबसे तीस-चाळीस तारे सापडत. तरी ती खूश असे. पडद्यावर बोट ठेवून ती पंचांगातली नावं जुळवायची. वर्षभरात तिला वरचं आकाश तात्यापाऱ्याच्या गल्ल्यांपेक्षा जास्त पाठ झालं.

आणि मग तिला ती जाहिरात दिसली. नागपूरचा शिशिर हा छायाचित्रकार आठ जणांचा गट घेऊन मे महिन्यात कॅनरी बेटांवर जाणार होता. अटलांटिक समुद्रात आफ्रिकेजवळची ज्वालामुखींची बेटं. दिवसा काळ्या लाव्ह्याचे आणि डोंगरांचे फोटो, रात्री आकाशाचे. त्यातल्या ला पाल्मा नावाच्या बेटावर तर आकाश काळं राहावं म्हणून रस्त्यावरचे दिवेही मंद ठेवतात, असं त्यात लिहिलं होतं. सुनेत्रानं अर्ज भरला आणि शेवटच्या रकान्यात डोळ्यांबद्दल खरं खरं लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी शिशिरचा फोन आला. माणूस सरळ होता. "सुनेत्राताई, तुमचे फोटो पाहिले. चांगले आहेत. पण तिथं रात्री डोंगरावर असतो आपण. एका बाजूला हजार फुटांचा कडा असतो. तुम्हाला कसं जमेल, ते मला समजून घ्यायचं आहे."

"मी रात्री चालणारच नाही," सुनेत्रा म्हणाली. "जागा मी दिवसा निवडीन. दिवस मावळायच्या आत ट्रायपॉड लावून बसेन. तुम्ही म्हणाल तिथं दोरी बांधा, मी दोरीच्या आत राहीन. सगळ्यांचं आटोपलं की मले हात धरून न्या. बाकी काही मदत नको."

मग शिशिर म्हणाला, "दिवसा जागा निवडणारे फार कमी भेटतात हो. या तुम्ही."

शिशिर तयार झाला, नरेश होईना.

"इथं पाऱ्यातली नाली तुले अंधारात दिसत नाही, आणि तू ज्वालामुखीवर जाऊन राहिली!" तो घरात येरझाऱ्या घालू लागला. "काहून? फोटोच पाहायचे तर घरी बसून पाहा ना."

"दुसऱ्यानं काढलेले नाही पाहायचे मले."

"अन् पडलीबिडली तर? तिथं कोण आहे तुझं?"

सुनेत्रानं वाद घातला नाही. पुढच्या रविवारी दुपारी ती म्हणाली, "दादा, गाडी काढ. नवा रायपूरला जाऊ." एका रिकाम्या रुंद रस्त्याच्या कडेला, तळ्याच्या काठावर तिनं उजेड असतानाच सगळं मांडलं. मग भावाला म्हणाली, "तू गाडीत बस. दहा वाजेपर्यंत उतरायचं नाही. बोलायचं नाही. खाकरायचं पण नाही."

नरेश बसला. काचेआडून त्यानं पाहिलं. अंधार पडल्यावर बहिणीची नुसती आकृती राहिली, पण त्या आकृतीचे हात थांबत नव्हते. ती बॅटरी बदलत होती, भिंग पुसत होती, झोळीतून पाण्याची बाटली काढून प्यायली, पुन्हा जागच्या जागी ठेवली. एकदाही चाचपडली नाही. ट्रायपॉडचे पाय जणू तिच्याच अंगाचे असावेत, अशी ती त्यांच्याभोवती वावरत होती. एकदा एक कुत्रं जवळ आलं, तर तिनं न दचकता "हट्" केलं. दहा वाजता तिनं हाक मारली. नरेश उतरला, पडद्यावर तळ्यातले तारे पाहिले आणि तिचं सामान उचलून गाडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्यानं दोन जोड लोकरी मोजे आणले आणि तिच्या बॅगेवर ठेवून दिले. माना विमानतळावर सोडायला आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दोरीच्या आत राहाजो."

गटात बाकी सगळे डोळस. सुनेत्राच्या खोलीत प्रमोदिनीताई होत्या. नागपूरच्या भूल देणाऱ्या निवृत्त डॉक्टर, त्रेसष्ट वर्षांच्या, बोलायला मोकळ्या आणि झोपायला त्याहून मोकळ्या. भिलाईचा इंद्रजीत दोन भारी कॅमेरे आणि हातभर लांबीची भिंगं घेऊन आला होता. पहिल्याच जेवणाला तो म्हणाला, "दीदी, बुरा मत मानना, पर जिसको रात में दिखता नहीं, वो आसमान का फोटो कैसे लेगा? अंदाज से?" 

"नकाशा काढून," सुनेत्रा म्हणाली. इंद्रजीत हसला. त्यात खोट नव्हती, पण विश्वासही नव्हता.

पहिल्या दोन रात्री तेनेरीफ नावाच्या मोठ्या बेटावर होत्या. भव्य ज्वालामुखी, पायथ्याशी करडं, तांबडं, पिवळं माळरान. सुनेत्रानं दिवसभर हात भरून फोटो काढले. पण रात्री तिची फजिती झाली. वारा असा सुटला की ट्रायपॉड थरथरत होता, आणि थंडीनं भिंगाच्या कड्यावरची चिकटपट्टी सुटून फोकस कधी सरकला ते तिला कळलंच नाही. सकाळी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर प्रत्येक तारा तांदळाच्या फुगलेल्या शितासारखा. एकही फोटो धड नव्हता. बाकीच्यांनी आपापले फोटो दाखवले, वाहवा झाली. सुनेत्राची पाळी आली तेव्हा तिनंही दाखवले. लपवायचे कशाला? कुणी चहा ढवळू लागलं, कुणी फोन उघडला, आणि ते तिला फार लागलं.

त्या रात्री खोलीत तिनं उशीत तोंड खुपसून रडून घेतलं. प्रमोदिनीताई घोरत होत्या असं तिला वाटलं होतं, पण अंधारातून त्यांचा आवाज आला, "मी पहिली भूल दिली ना, तो पेशंट ऑपरेशनच्या मधोमध उठून बसला होता. झोप आता."

सुनेत्रा रडता रडता हसली. सकाळी उठून तिनं चिकटपट्टी बदलली, एकीच्या जागी दोन पट्ट्या आडव्या-उभ्या लावल्या, ट्रायपॉडखाली दगड भरून टांगायला कापडी पिशवी घेतली, आणि वहीत लिहून ठेवलं: दर अर्ध्या तासानं एक तारा पडद्यावर मोठा करून तपासायचा.

ला पाल्मा बेट छोटं, हिरवं आणि उभं. पण त्याच्या एका अंगाला २०२१ साली ज्वालामुखी फुटला होता. शिशिर त्यांना तिथं घेऊन गेला. केळीच्या बागांमधून जाणारा डांबरी रस्ता अचानक एका काळ्या भिंतीपाशी संपत होता. भिंत म्हणजे थिजलेला लाव्हा, दोन मजले उंच, खडबडीत, अजून काही ठिकाणी ऊब असलेला. त्याच्या पोटात घरं होती, अंगणं होती. एका जागी लाव्ह्यातून घराचा पांढरा कोपरा आणि निळी खिडकी तेवढी वर राहिली होती. सगळे फोटो काढत होते. सुनेत्रानं नकाशा उघडला; त्यात तो रस्ता अजून पुढं जात होता, पुढं एक चौक होता, एक शाळा होती. नकाशे बनवणाऱ्या बाईला ते पाहवेना. पाच वर्षांतच लोकांनी त्या काळ्या भिंतीवरून नवा रस्ता मात्र काढला होता, त्यावरून गाड्या धावत होत्या. तिनं फोटो काढला तो त्या नव्या रस्त्याचा.

शेवटची रात्र बेटाच्या माथ्यावरची होती. माथा म्हणजे अडीच हजार मीटर उंच, एका अजस्र खोल दरीचा काठ. इतर लोक दुपारी झोपले. सुनेत्रा शिशिरला घेऊन उन्हात काठाकाठानं फिरली. तिच्या हातात रायपूरहून आणलेला, जमिनीची उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांचा, तिनं स्वतः छापून घेतलेला नकाशा होता आणि त्यावर पेन्सिलीनं मारलेल्या रेघा. 

"इथं," शेवटी ती म्हणाली. काठावर दोन सुळके होते, एक ठेंगणा, एक उंच, मध्ये दाढ पडल्यासारखी खाच. "पावणेदोन ते दोनच्या सुमारास आकाशगंगेचा सगळ्यांत भरलेला भाग या खाचेतून वर उभा राहील. वीसेक मिनिटं. मग तो उंच सुळक्याच्या मागं जाईल."

शिशिरनं फोनवर ताडून पाहिलं. मग फोन खिशात ठेवला. "दोन मिनिटांचा फरक. तुमचा हिशोबच बरोबर असेल." त्यानं काठाच्या अलीकडे एका खडकाला दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक दुसऱ्या खडकाला. "याच्या पलीकडे पाऊल नाही."

सूर्य मावळायच्या तासभर आधीच सुनेत्रानं ट्रायपॉड रोवला, खाली दगडांची पिशवी टांगली, समोरच्या सुळक्यावर फोकस बांधला. सूर्य गेला. उजेड निळा झाला, सुळके गुलाबी-जांभळे झाले, आणि तिनं त्यांचे पहिले फोटो घेतले. यात दगड आले. आता त्याच चौकटीत रात्री तारे यायचे होते, आणि मग दोन्ही फोटो एकत्र जोडायचे होते. मधल्या पाच तासांत ट्रायपॉड केसभरही हलता कामा नये.

आणि तेवढ्यात दरीतून ढग वर आले. बघता बघता सगळा काठ पांढरा झाला, मग काळोख पडला आणि तो पांढराही दिसेनासा झाला. अंगावरचे कपडे दमट झाले, भिंगावर दव धरलं. दहा वाजले, अकरा वाजले. हवामानाच्या अंदाजात रात्रभर ढग दाखवत होते. शेजारी उभ्या असलेल्या लोकांचे दात वाजायला लागले.

"बस हो गया," इंद्रजीतनं सामान गुंडाळलं. "ये बादल नहीं जाने वाला. गाड़ी में हीटर है." एक एक करून सगळ्यांनी ट्रायपॉड मिटवले. गाडी पायवाटेनं दहा मिनिटांवर उभी होती.

शिशिर सुनेत्राजवळ आला. "चला ताई, हात द्या. गाडीत बसू. ढग हटले तर परत येऊ."

सुनेत्रा हलली नाही. "तुम्ही पंधरा मिनिटांत परत याल. मले अर्धा तास लागेल, आणि ट्रायपॉड उचलला की संध्याकाळची चौकट गेली. ती अंधारात मले परत सापडणार नाही. मी इथंच बसते."

"एकटीला नाही ठेवता येणार."

"एकटी कुठं?" प्रमोदिनीताईंचा आवाज आला. त्यांनी झोपण्याची जाड थैली अंगावर ओढून खडकाला पाठ टेकवली होती. "मी आहे की. मला दहा मिनिटं चालण्यापेक्षा इथं झोपणं परवडतं. तो वॉकीटॉकी द्या आणि जा तुम्ही. दर अर्ध्या तासानं बोलू."

शिशिर नाखुशीनं गेला. पाच मिनिटांत प्रमोदिनीताई घोरू लागल्या.

सुनेत्रा बसली. तिच्यासाठी ढगातली रात्र आणि उघडी रात्र सारखीच होती. दोन्हींत काही दिसत नाही. म्हणूनच कदाचित तिला कंटाळा आला नाही. अशी ती आयुष्यभर बसली होती: जीपमध्ये, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात खुर्चीवर. फरक एवढाच, की त्या सगळ्या वेळी ती कुणीतरी न्यायला येण्याची वाट बघत होती. आज ती कुणाचीच वाट बघत नव्हती. इथं तिचं काम होतं.

दर दहा मिनिटांनी ती भिंग पुसायची आणि एक फोटो घ्यायची. करडा. पुन्हा करडा. एक वाजता शिशिरनं विचारलं, तिनं सांगितलं, "अजून नाही."

दीडच्या सुमारास तिला गालावर काहीतरी वेगळं लागलं. काय वेगळं ते तिला लगेच कळेना. मग कळलं: गाल कोरडा होत होता. वारा तोच होता, पण त्यातला ओलावा गेला होता. तिनं बटण दाबलं आणि वीस सेकंद श्वास धरून बसली. पडद्यावर करड्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका. एकच. तिनं तो मोठा करून पाहिला. गोल होता, टोकदार होता. फोकस जागेवर होता.

पुढचा फोटो. नऊ ठिपके. त्याच्या पुढचा, आणि तिच्या तोंडून आवाज निघाला.

"ताई! ताई, उठा!"

"काय झालं? पडलीस?" प्रमोदिनीताई थैलीसकट उठून बसल्या. आणि मग त्या गप्प झाल्या. ही बाई गप्प झाली, यावरूनच सुनेत्राला वर काय असेल याचा अंदाज आला.

"अगं बाई," शेवटी त्या म्हणाल्या. "अगं सुनेत्रा, ढग खाली गेले. सगळे खाली! आपण ढगांच्या वर बसलो आहोत. खाली नुसता कापूस पसरलाय बघ, आणि गावाचे दिवे, समुद्रावरचे दिवे, सगळे त्याखाली झाकून गेले. एक दिवा नाही कुठं. आणि वर..."

सुनेत्रानं वॉकीटॉकीवर हाक दिली. उत्तर आलं नाही. हीटरच्या ऊबेत सगळे डाराडूर झोपले असावेत. तिनं पुन्हा हाक दिली, तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडलीच, तेव्हा शिशिरचा झोपाळलेला आवाज आला आणि पुढच्याच क्षणी गाडीची दारं धडाधड उघडल्याचं ऐकू आलं. तिनं यंत्र प्रमोदिनीताईंच्या हातात दिलं. आता तिला वेळ नव्हता. पावणेदोन होत होते.

टिकल्यांवरून बोटं फिरली. एक फोटो, दुसरा, तिसरा. प्रत्येकाला वीस सेकंद, प्रत्येकानंतर भिंगावरून मऊ फडकं. चौथ्या फोटोत आकाशगंगा दोन सुळक्यांच्या मधोमध उभी होती. 

ती गच्चीवरून पाहिलेल्या तीस-चाळीस ताऱ्यांसारखी नव्हती, प्रफुल्लच्या कॅमेऱ्यातल्या धुळीसारखीही नव्हती. खाचेतून जणू कुणी धुराचा लोट सोडला होता आणि तो धूर आतून पेटलेला होता. कुठं दुधी, कुठं तांबूस, मध्ये काळ्या फांद्या फुटलेल्या. त्याच्या कडेला वृश्चिकाची वाकडी नांगी, ज्येष्ठेचा लाल ठिपका, आणि नांगीच्या टोकाशी मूळ. सुनेत्राचा जन्म मूळ नक्षत्रावरचा. तिच्या डोळ्यांचा दोष नातेवाइकांनी त्याच नक्षत्रावर टाकला होता. आज दोघं पहिल्यांदा समोरासमोर आली होती, आणि तिला त्याचा जराही राग आला नाही. खाली ढगांचा समुद्र ताऱ्यांच्याच उजेडात मंद पांढरा दिसत होता.

तिनं पडद्यावरून नजर उचलून वर पाहिलं. काही नाही. पुन्हा पडद्यावर पाहिलं. होतं. सगळं होतं, आणि ते पाहायला तीच इथपर्यंत आली होती.

"दिसलं का गं?" प्रमोदिनीताईंनी हळूच विचारलं.

"दिसलं," सुनेत्रा म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त दिसलं."

बाकीचे धापा टाकत आले तेव्हा दोन वाजून गेले होते. डोळे दिपू नयेत म्हणून लावलेल्या तांबड्या दिव्यांत ट्रायपॉड उघडण्याची, भिंगं शोधण्याची, जागा धरण्याची धांदल उडाली. इंद्रजीतला आपली संध्याकाळची जागाच सापडेना. आकाश सगळ्यांना मिळालं, भरपूर मिळालं. माणसं आनंदानं ओरडत होती. पण आकाशगंगा खाचेतून सरकून उंच सुळक्यामागं गेली होती, आणि पाऊण तासानं ढग पुन्हा वर चढले.

इंद्रजीत सुनेत्राच्या कॅमेऱ्यापाशी येऊन उकिडवा बसला. "दीदी, दिखाओ ना." तिनं दाखवलं. त्यानं एकेक तारा मोठा करून पाहिला. मग त्यानं टिकल्यांवरून बोट फिरवलं. "ये क्या है?"

"बटणं. अंधारात शोधावी लागू नयेत म्हणून."

"मेरे वाले पे भी लगा दोगे?" तो म्हणाला. "और वो नक्शा... वो भी सिखा देना, दीदी. मैंने उस दिन गलत बोला था."

सकाळी न्याहारीच्या टेबलावर शिशिरनं दोन्ही वेळचे फोटो जोडून मोठ्या पडद्यावर लावले: संध्याकाळचे गुलाबी सुळके, रात्रीचे ढग आणि मधोमध उभी आकाशगंगा. आठ माणसं चहा प्यायला विसरली. मग प्रमोदिनीताईंनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच धरली. हॉटेलातली वाढपी बाईसुद्धा हातातली थाळी ठेवून टाळ्या वाजवू लागली. सुनेत्रा उठून उभी राहिली. तिनं सगळ्यांना नमस्कार केला.

ऑगस्टमध्ये रायपुरातल्या एका सभागृहात गटाच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. ते नागपूरला व्हायचं होतं. इंद्रजीतनं हट्टानं रायपूरला आणलं. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर सहा फूट रुंद तो एकच फोटो, खाली नाव: सुनेत्रा पोतनीस, तात्यापारा. तीन दिवस गर्दी हटली नाही. कार्यालयातली माणसं आली, ब्राह्मणपाऱ्यातली चष्मेवाली गिऱ्हाइकं आली, प्रफुल्ल बायकोमुलांना घेऊन आला आणि फोटोसमोर छाती काढून म्हणाला, "पहला तारा तो मैंने ही दिखाया था."

पण सगळ्यांत जास्त बोलत होता तो नरेश. दुकान बंद ठेवून तीनही दिवस तो फोटोशेजारी उभा होता. येईल त्याला सांगत होता, "पाच तास हलली नाही! बाकीचे सगळे पळाले गाडीत. खाली ढग, वर हा सप्तर्षी..."

"सप्तर्षी नाही, दादा, वृश्चिक," सुनेत्रा म्हणाली.

"हव, तेच. वृश्चिक," नरेश न थांबता पुढं सांगू लागला.

शेवटच्या दिवशी शिशिर भेटायला आला. "सुनेत्राताई, पुढच्या वर्षी आणखी एका ज्वालामुखीच्या बेटावर जायचं ठरतंय. या वेळी तुम्ही पाहुण्या म्हणून नाही. आधी चार दिवस माझ्यासोबत या. जागा निवडायला. तुम्ही खूण कराल तिथंच गट उभा राहील."

नरेशनं ते ऐकलं. गर्दीतून वाट काढत तो जवळ आला, घसा साफ केला, काही म्हणणार तेवढ्यात सुनेत्राच म्हणाली, "येते. पण माझं सामान बरंच असतं. एक माणूस सोबत आणलं तर चालेल का? चष्म्याचं दुकान आहे त्याचं, भिंगं पुसायला कामी येईल."

"चालेल की," शिशिर हसला.

नरेशनं बहिणीकडे पाहिलं, मग समोरच्या सहा फुटी आकाशाकडे. "पासपोर्ट काढायला किती दिवस लागून राहिले आजकाल?" त्यानं विचारलं.